होडी तुझ्याकडे वळते

सुन्नुवा, उपदेश करायला नाही आले.
मासे कापायच्या कारखान्यात आठ तास उभं राहिल्यावर
दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं त्राण उरत नाही कुणात.
दाराशी उभी आहे एवढंच. बूट ओले आहेत, आत येत नाही.

तुझी आई म्हणाली, झोपलीय.
संध्याकाळचे सहा, जून महिना,
फॅरो बेटांवरचा हा उजेड मध्यरात्रीपर्यंत हटत नाही
आणि तू म्हणे पडदे ओढून झोपलीयस.
पडद्याच्या फटीतून फोनचा निळा उजेड दिसतो गं.

पंधरावं वर्ष मलाही लागलं होतं.
अंग एकाएकी परक्याचं वाटायला लागतं,
कुणाकडून उसनं आणलेलं, आपल्या मापाचं नसलेलं.
आरशासमोर जावं तर नको, चार जणींत बसावं तर नको.
शर्यतीत आपली होडी शेवटची आली तेव्हा
धक्क्यावर कुणीतरी हसलं. तू ऐकलंस.
माझ्या वर्षी मीही ऐकलं होतं.
वल्हं भिंतीला टेकवून घरी गेले,
ते एकवीस वर्षं तिथेच टेकलेलं.
मग पाठ धरली, गुडघे कुरकुरायला लागले,
आणि एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर धाप लागून
मध्येच टेकले, तेव्हा लक्षात आलं
की हसणाऱ्याचं नावसुद्धा मला आठवत नाही.

बरं, ते जाऊ दे.

बिर्ना, तुरिद, एल्सपा, दोघी मार्यून,
पाच जणी रोज येतात. तुझी फळी रिकामी.
तिथे मी दगड ठेवून पाहिला.
दगड वजन देतो, वल्हवत नाही.
डावीकडे तिघी, उजवीकडे दोघी,
म्हणून होडी आपोआप उजवीकडे वळते,
आणि उजवीकडे काय, तर किनारा, मेंढ्या,
आणि तुझं पिवळ्या पत्र्याचं घर.
मी सुकाणू दाबून धरते, दंड भरून येतात,
तरी ती तुझ्याकडेच वळते.

वल्हवू नकोस. नुसती उचलायला ये.
गवताच्या छपराखालून पाण्यापर्यंत न्यायला
एक खांदा कमी पडतो.
उचललीस की घरी जा.

*

आलीस. जाड लोकरीचा स्वेटर, कपाळाला आठी.
उचललीस. पाण्यात सोडलीस.
"झालं?"
झालं, म्हटलं.

आम्ही निघालो.
वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात,
मागचं बघत पुढे जायचं, असा हा अजब खेळ.
पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवालीला.
म्हणून तू मला दिसत नव्हतीस,
मला दिसत होते पाच चेहरे.

आधी बिर्नाची नजर किनाऱ्याकडे गेली.
मग तुरिद ओरडली, "अगं, फोन पडेल खिशातला!"
मग थोरली मार्यून खुदकन हसली,
ताल चुकला, आणि एक वल्हंभर समुद्र
थेट माझ्या तोंडावर.

तोंड पुसत मान वळवली.
किनाऱ्याच्या रस्त्यावर, मेंढ्या दोन्ही बाजूंना पांगवत,
स्वेटर कमरेला बांधून, गाल लालबुंद करून
तू आमच्याशी काहीतरी बोलत होतीस.
बोलणं अर्धं राहिलं असेल, होडी पुढे सटकली असेल,
चालणं पुरेना झालं असेल,
आणि तू धावत होतीस.

तुला ते कळलं नव्हतं.
मी सांगितलं नाही.
अशा वेळी कौतुक केलं की पोरं थबकतात,
आपल्याच पायांकडे बघतात, आणि संपलं.

हातातलं सुकाणू मी थोडं सैल सोडलं.
वळायचं तिकडे वळ, म्हटलं होडीला.

उद्या गुरुवार. सहाला ओहोटी.
बूट सुकले नाहीत तरी चालेल.